आजीच्या ओव्यांची ऑडिओ सीडी: प्लेअरवर आवाज जड आणि संथ का येतो?

कोयनाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण घोळ नेमका कुठं होतोय तेच मला कळेनासं झालंय.

माझी आत्या ८१ वर्षांची आहे. पाटण तालुक्यात डोंगरातल्या गावी राहते. सात वर्षांपासून तिला दिसत नाही. तिच्याकडे एक सीडी प्लेअर आहे, मुलानं १९९८ साली मुंबईहून आणून दिलेला, वरून झाकण उघडणारा. त्याच्या प्लेच्या बटणावर मी एक टिकली चिकटवून दिली आहे आणि पुढच्या गाण्याच्या बटणावर दोन टिकल्या. चाचपून ती सगळं बरोबर लावते.

१९८७ च्या दिवाळीत माझ्या बाबांनी आजीच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. आजी माजघरात भाजणी दळत होती आणि बाबा शेजारी टू-इन-वन घेऊन बसले होते. आजी १९९३ साली गेली, बाबा चार वर्षांपूर्वी. आत्यानं आईचा आवाज ऐकून तीस वर्षं होऊन गेली. ती कॅसेट चुलतभावानं कधीतरी लॅपटॉपवर उतरवली होती, त्याच्या बारा एमपी३ फायली त्यानं मला दिल्या. त्याशिवाय बेळगावच्या धाकट्या आत्यानं व्हॉट्सॲपवर म्हणून पाठवलेल्या ओव्या आहेत आणि गावच्या भजनाचं मी फोनवर केलेलं रेकॉर्डिंग आहे. सगळं मिळून ९८ एमबी.

आता अडचणी. पहिल्या सीडीवर फायली ओढून टाकल्या आणि बर्न केल्या. माझ्या लॅपटॉपवर छान वाजल्या, आत्याच्या प्लेअरनं सीडी फिरवली आणि थांबला. पडद्यावर नुसत्या दोन आडव्या रेघा. मग ‘ऑडिओ सीडी’ असा पर्याय घेतला, तर सॉफ्टवेअर म्हणतं मावत नाही. ७०० एमबीच्या सीडीवर ९८ एमबी का मावू नयेत? म्हणून फक्त आजीच्या ओव्या घेतल्या. सीडीला ४४१०० लागतं असं कुठंतरी वाचलं होतं आणि फायली ४८००० दाखवत होत्या. ऑडॅसिटी या आवाज कापायच्या-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फाइल उघडून ट्रॅकच्या नावाशेजारच्या मेन्यूत ‘रेट’ आहे, तिथं ४८००० चं ४४१०० केलं, फाइल सेव्ह केली, सीडी लिहिली. यावेळी प्लेअरनं सीडी घेतली. आत्या खाटेवर बसली होती, मी टिकलीवर तिचं बोट ठेवलं. पहिली ओवी सुरू झाली आणि तिचा चेहराच उतरला. म्हणाली, “ही आई न्हवं गं. आईचा गळा असा जड न्हवता.”

घरी येऊन पाहिलं. तिसरी ओवी फोनवर ३ मिनिटं २० सेकंदांची आहे, सीडीवर तीच ३ मिनिटं ३७ सेकंद भरते. आवाज खरंच जड आणि संथ आहे. कराडात चार दुकानं फिरून पाच कोऱ्या सीडी मिळाल्या होत्या, त्यातल्या दोन गेल्या. उरलेल्या तीन वाया घालवायच्या नाहीत. कुणी नीट सांगेल का?

पुणे३०

ताई, सीडी आता कोण वापरतं? एखादा पेनड्राइव्ह लागणारा स्पीकर घ्या, सगळ्या एमपी३ त्यात टाका. पाचशे-सातशे रुपयांत काम होईल.

कोयनाकाठ

सुचवल्याबद्दल आभार. तो प्रयोग गेल्या वर्षी केला होता. त्या स्पीकरला चार बारीक बटणं, तीही एकाच आकाराची. एकच बटण जरा दाबलं तर पुढचं गाणं, दाबून धरलं तर आवाज वाढतो. चुकून रेडिओ लागला की तिला परत गाण्यांवर येता येत नव्हतं. चार्जिंग संपलं तर ते कळायलाही दिवा बघावा लागतो. सीडी प्लेअर तिच्या हाताला पंचवीस वर्षांपासून ओळखीचा आहे. डोळे गेल्यावर नवीन यंत्र शिकायला लावणं मला बरोबर वाटत नाही. सीडीच हवी.

मिरजेचा टेपवाला

ताई, सीडीच करा. तुमचा निर्णय योग्य आहे. मिरजेत वीस वर्षं माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, शेवटची सात-आठ वर्षं सीडीही लिहून द्यायचो. तुमच्या तिन्ही अडचणी माझ्या काउंटरवर रोज यायच्या. एकेक घेतो.

पहिली सीडी वाजली नाही, कारण ती डेटा सीडी होती. एमपी३ म्हणजे घडी घालून ठेवलेला आवाज. ती घडी उलगडायला प्लेअरच्या आत तशी चिप लागते. १९९८ च्या साध्या प्लेअरमध्ये ती नसते. त्याला फक्त मूळ ऑडिओ सीडीची भाषा येते, आणि ती फिलिप्स आणि सोनी यांनी १९८० साली ठरवली, त्यानंतर बदललेली नाही: एका सेकंदात आवाजाचे ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन चॅनेल. त्यात फाइल नसते, फोल्डर नसतं, नाव नसतं. सलग आवाज असतो आणि कुठला ट्रॅक कुठं सुरू होतो याची सुरुवातीला एक यादी असते.

यातच दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. ४४,१०० नमुने, गुणिले दोन बाइट, गुणिले दोन चॅनेल, म्हणजे सेकंदाला १,७६,४०० बाइट. मिनिटाला साधारण साडेदहा एमबी. तुमच्या एमपी३ फायली बहुधा १२८ केबीपीएसच्या, म्हणजे सेकंदाला १२८ हजार बिटांच्या आहेत, त्या मिनिटाला एक एमबीसुद्धा घेत नाहीत. म्हणजे ९८ एमबी हे किमान पावणेदोन तासांचं ध्वनिमुद्रण झालं. सीडीवर मावतात ८० मिनिटं. ऑडिओ सीडीच्या बाबतीत एमबीकडे बघूच नका, मिनिटं मोजा. आणि जुन्या प्लेअरसाठी ८० पर्यंतही जाऊ नका, ७४ च्या आत ठेवा. लेसर आतून बाहेरच्या कडेकडे वाचत जातो. जुन्या यंत्रांची सगळी रड त्या बाहेरच्या कडेला असते आणि बोटांचे डागही तिथंच पडतात. तुमच्या दोन सीडी होतील: एक आजींची, दुसरी धाकट्या आत्यांची आणि भजनाची.

आता जड आवाज. तुम्ही आकडे दिलेत ते फार बरं केलंत. ३:२० म्हणजे २०० सेकंद. ४८,००० भागिले ४४,१०० येतात १.०८८. दोनशेला त्यानं गुणा, २१७ सेकंद आणि वर थोडे, म्हणजेच ३:३७. नेमका तोच आकडा. ट्रॅकच्या मेन्यूतला तो ‘रेट’ आवाजाचं रूपांतर करत नाही. तो ऑडॅसिटीला फक्त एवढंच सांगतो की हेच नमुने आता सेकंदाला ४८,००० ऐवजी ४४,१०० या चालीनं वाजव. नमुने तेवढेच, चाल कमी, म्हणून गाणं लांबलं आणि स्वर उतरला. जवळजवळ दीड अर्धस्वर, म्हणजे पेटीवरच्या दीड पट्टीनं. आजी काळी पाचमध्ये गात असतील तर सीडीवर त्या पांढरी सहा आणि काळी चार यांच्या मधे कुठंतरी ऐकू येतील, पेटीच्या कुठल्याच पट्टीत न बसणाऱ्या जागी. आत्यांनी एका ओवीत ओळखलं. तीस वर्षांनंतरही आईचा गळा त्यांच्या कानात जागच्या जागी आहे.

काहीही बिघडलेलं नाही, हे आधी लक्षात घ्या. त्याच मेन्यूत रेट परत ४८,००० करा. आवाज मूळ पट्टीत येईल. मग वरच्या ‘ट्रॅक्स’ मेन्यूत ‘रीसॅम्पल’ आहे, तिथं ४४,१०० द्या. हे खरं रूपांतर. यात संगणक दर सेकंदाच्या ४८,००० नमुन्यांवरून नवे ४४,१०० नमुने मोजून काढतो, लांबी तीच राहते, पट्टीही तीच राहते. प्रोजेक्टचा रेटही ४४,१०० ठेवा. नंतर एक्सपोर्ट करताना वेव्ह फाइल (घडी न घातलेला आवाज), १६-बिट पीसीएम, स्टिरिओ. एक्सपोर्ट झाल्यावर प्रत्येक फाइलची लांबी मूळ फाइलशी ताडून बघा. सेकंदाचा फरक दिसला तरी थांबा.

४४,१०० हा असा अडनिडा आकडा का, हे मला बरीच वर्षं कोडं होतं. सुरुवातीला डिजिटल आवाज साठवायला व्हिडिओ टेप वापरत. चित्राच्या प्रत्येक ओळीत तीन नमुने बसत. एका पद्धतीत २४५ ओळी आणि सेकंदाला ६० फील्ड (म्हणजे अर्धी चित्रं), दुसऱ्या पद्धतीत २९४ ओळी आणि ५० फील्ड. दोन्हींचा गुणाकार करून बघा, ४४,१००च येतो. व्हिडिओ आणि फोनवाल्यांनी पुढे ४८,००० धरलं, आणि तेव्हापासून हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की असे घोळ होतात.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. ती मूळ कॅसेट अजून आहे का? असेल तर चुलतभावाच्या एमपी३ बाजूला ठेवा आणि कॅसेट पुन्हा उतरवा. एमपी३ची वेव्ह केली की फाइल दहापट मोठी होते, पण घडी घालताना टाकून दिलेलं त्यात परत येत नाही. ताक दुधाच्या भांड्यात ओतलं म्हणून दूध होत नाही. जात्यावरच्या आवाजात बारीक खरखर, बांगड्यांचा नाद, श्वास असं सगळं वरच्या पट्ट्यांत असतं, आणि १२८ च्या एमपी३मध्ये पहिला घाव त्यावरच पडतो.

कोयनाकाठ

काका, अगदी खरंच, डोक्यावरचं ओझं उतरलं. रेट परत ४८००० केला आणि आजी आजीसारखी गायला लागली. ३:२० च्या ३:२० आल्या.

कॅसेट आहे! बाबांच्या ट्रंकेत मिळाली. साठ मिनिटांची आहे, वर बाबांच्या अक्षरात ‘आई, दळण’ एवढंच लिहिलंय. पण वाजवायला काही नाही आणि माझ्या लॅपटॉपला एकच गोल भोक आहे. कसं करू?

मिरजेचा टेपवाला

कॅसेट मिळाली हे फार चांगलं झालं. घाईनं कुठल्याही यंत्रात घालू नका. इतकी वर्षं पडून राहिलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं फिरवून घ्या, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतील. वाजवताना फीत दाबून धरणारा नमद्याचा छोटा तुकडा जागेवर आहे का बघा, कॅसेटच्या उघड्या बाजूला मधोमध दिसतो. ओळखीत कुणाकडे चालू डेक असेल तर मागून आणा. त्याचं हेड आणि रबरी चाक कापसाला स्पिरिट लावून पुसा. कापूस तपकिरी निघतो, तो पांढरा निघेपर्यंत पुसायचं.

लॅपटॉपचं ते भोक माइकसाठी असतं, त्यात डेकची तार घातली तर आवाज फाटतो. लाइन-इन, म्हणजे डेकची तार घालायचं भोक, असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्या. आणि रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधीच ऑडॅसिटीत रेट ४४,१०० ठेवा, म्हणजे पुढं रूपांतराची भानगडच उरणार नाही. आजींचा सर्वांत वरचा सूर उणे ६ डेसिबलच्या आसपास जाईल इतपत आवाज ठेवा. लाल रेघ एकदा दिसली तर तेवढा भाग फाटलेलाच राहतो, नंतर दुरुस्त होत नाही. दोन्ही बाजू सलग रेकॉर्ड करा, मधे काही कापू नका. काप नंतर घालता येतात.

नागपुरी लिनक्स

ताई, बर्निंगबद्दल माझ्याकडून थोडी भर. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स असेल तर के३बी हे सीडी लिहायचं सॉफ्टवेअर उत्तम. नसेल तर तुमचं चालू सॉफ्टवेअरही चालेल, पण तीन गोष्टी बघा. ‘डिस्क ॲट वन्स’, म्हणजे सगळी सीडी न थांबता एका दमात लिहायचा पर्याय निवडा. ट्रॅकमधलं अंतर आपोआप २ सेकंद असतं, ते शून्य करता येतं. वेग ८ किंवा १६ पट ठेवा, ५२ नको. आणि दुकानदारानं सीडी-आर दिली आहे की सीडी-आरडब्ल्यू ते पॅकेटवर वाचा. पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू खूप कमी चकाकते, जुना प्लेअर ती वाचेलच असं नाही.

कोयनाकाठ

सगळ्या सीडी-आर निघाल्या, देव पावला. शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या सासऱ्यांकडे डेक मिळाला आणि कार्ड मागवलं. रविवारी दुपारी दारं-खिडक्या लावून ‘आई, दळण’ वाजवली. ५१ मिनिटं भरली.

आता नवी अडचण. टेपची सर्र सर्र फार होती, म्हणून ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन लावलं. आजीनं गायला सुरुवात करायच्या आधीचा पंधरा सेकंदांचा भाग नमुना म्हणून दिला आणि सगळ्या ५१ मिनिटांना लावलं. एकदम स्वच्छ झालं. सीडी न लिहिता लॅपटॉपच घेऊन गावी गेले, आधी आत्याला ऐकवावं म्हणून. तिनं बराच वेळ ऐकलं, पहिल्यांदा हसली, म्हणाली हीच आई. मग दोन ओव्या झाल्यावर म्हणाली, “आन् जातं कुठं गेलं?”

मी परत लावून ऐकलं. खरंच, जातं नाही. आजी हवेत गातेय असं वाटतं. आणि तिचा आवाजही पाण्याखालून आल्यासारखा लागतो. काय करू काका?

मिरजेचा टेपवाला

तुम्ही नमुना घेतला तिथं आजी गात नव्हत्या, पण दळत होत्या. बरोबर ना? मग जात्याची घरघर त्या नमुन्यात आली. नॉइज रिडक्शनला माणूस आणि जातं यांतला फरक कळत नाही. तुम्ही दाखवाल तो आवाज खोट, असं समजून तो जिथं सापडेल तिथं ते पुसत जातं. जात्याचा आवाज एकसारखा, सलग, खालच्या पट्टीतला, पुसायला अगदी सोपा. त्यानं तो मुळासकट काढला आणि जाता जाता आजींच्या गळ्याचा त्या पट्टीतला भागही खरवडून नेला. पाण्याखालचा आवाज त्याचाच.

ताई, ओवीत जातं ही खोट नसते. पेटी, तबला, टाळ काही नसताना लय धरायचं काम जातंच करतं. ओळ कुठं ओढायची, श्वास कुठं घ्यायचा, हे खुंट्यावरचा हात ठरवतो. मूठभर दाणे घालायला हात थांबला की घरघर उतरते, तेवढ्यात बाई ओळ संपवते. हे तुमच्या आत्यांना माहीत आहे, त्या स्वतः त्या जात्यावर बसलेल्या असणार. म्हणूनच त्यांना ते गेलेलं कळलं.

मूळ रेकॉर्डिंग जपून ठेवलंय ना? ते पुन्हा उघडा. ज्या जागी नुसती टेप फिरतेय, जातं नाही, माणूस नाही, अशी जागा शोधा. बाजू संपताना दळण थांबल्यावर एखाद-दोन सेकंद मिळतील. तेवढाच नमुना द्या आणि कमी करण्याचं प्रमाण ६ डेसिबलच्या वर नेऊ नका. अशी जागा नाहीच मिळाली तर सर्र सर्र तशीच राहू द्या. माझं विचाराल तर मी राहूच देईन. कान पाच मिनिटांत टेपची सरसर विसरतो. गेलेलं जातं मात्र विसरत नाही, हे तुम्ही पाहिलंतच.

कोयनाकाठ

काका, काल रात्री हे वाचून मूळ फाइल पुन्हा उघडली. एका बाजूच्या शेवटी जातं थांबतं, मग पीठ सुपात भरल्याचा आवाज, मग दीड सेकंद काहीच नाही. तेवढा नमुना घेतला, ६ डेसिबल. जातं आलं. बांगड्याही ऐकू येतात आता, भावाच्या फायलींत त्या नव्हत्याच.

आणि एक सांगायचंय. मूळ टेप अगदी पहिल्या सेकंदापासून ऐकली. भावानं सुरुवात कापलेली होती, त्याच्या फायली थेट पहिल्या ओवीपासून आहेत. टेपवर त्याआधी बटण दाबल्याचा खटका आहे, आणि मग बाबांचा आवाज: “हं आई, म्हण आता.” मी तेव्हा चौदा वर्षांची होते, शेजारच्या खोलीत असेन. बाबांचा तेव्हाचा आवाज माझ्याकडे दुसरा कुठंच नाही. लग्नाच्या व्हिडिओतसुद्धा ते बोललेले नाहीत.

मला हे सीडीवर हवंय. आत्याचा तो धाकटा भाऊ.

आता ट्रॅक पाडायचे कसे? आजी एक ओवी संपवून थांबते पण जातं चालूच असतं. भावासारखे बारा तुकडे केले तर प्रत्येक वेळी जातं तुटेल. एकच ५१ मिनिटांचा ट्रॅक ठेवला तर आत्याला हवी ती ओवी कशी सापडणार?

मिरजेचा टेपवाला

तुमचा निरोप वाचून काही वेळ काही सुचलं नाही. मी दुकानात असताना लोकांच्या कॅसेटच्या सुरुवातीचे असे खटके आणि बोलणं ‘साफ’ करून द्यायचो. लोकांना ते आवडायचं. आज वाटतं, विचारून काढायला हवं होतं.

ट्रॅक पाडूनही जातं सलग ठेवता येतं. सीडीवरचा आवाज सेकंदाच्या ७५ भागांत मोजला जातो, त्या भागांना फ्रेम म्हणतात. एका फ्रेममध्ये ५८८ नमुने. ट्रॅक नेहमी फ्रेमच्या सीमेवरच सुरू होतो. तुम्ही फाइल अधेमधे कुठंही कापली तर शेवटची अर्धी फ्रेम सॉफ्टवेअर शांततेनं भरून काढतं, आणि सलग घरघरीत ती बारीकशी ‘टिक’ म्हणून ऐकू येते. ते टाळायचं तर ऑडॅसिटीत खाली जिथं वेळ दिसतो तिथं सीडीडीए (म्हणजे ऑडिओ सीडी) फ्रेमचं माप निवडा, ७५ एफपीएस असं लिहिलेलं असतं, आणि स्नॅप चालू करा. मग कर्सर आपोआप सीमेवरच बसेल. प्रत्येक ओवीच्या आधी कंट्रोल आणि बी दाबून खूण घाला, आणि खुणांप्रमाणे एकदम वेगवेगळ्या फायली एक्सपोर्ट करा. नागपूरच्या मित्रानं सांगितल्याप्रमाणे अंतर शून्य आणि डिस्क ॲट वन्स. सलग लावलं तर पूर्ण दळण न तुटता वाजेल, आणि दोन टिकल्यांचं बटण दाबलं तर पुढची ओवी.

खूण अगदी शब्दाला चिकटून घालू नका. ट्रॅकवर उडी मारताना जुने प्लेअर पहिला क्षण कधी कधी गिळतात. शब्दाच्या अर्धा सेकंद आधी, जात्याच्या आवाजात खूण घाला.

सीडीवर कागदी लेबल चिकटवू नका, फिरताना तोल जातो आणि वर्षभरात गोंद सुटतो. लिहायचं तर सीडीसाठीच्या पेननं लिहा, बॉलपेन नको, कारण आवाजाचा थर वरच्या बाजूला अगदी पातळ लाखेखाली असतो. ओरखडा खालच्यापेक्षा वरून जास्त वाईट. आत्यांना सीडीची बाजू कशी कळेल, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण बहुतेक सीडींना खालच्या बाजूनं मधल्या भोकाजवळ एक बारीक उंच कड असते, एकावर एक ठेवल्या तर घासू नयेत म्हणून. बोटाला लागते. ती कड खाली, एवढं त्यांना दाखवून द्या.

आणि एकाच वेळी दोन प्रती लिहा. एक त्यांच्याकडे, एक तुमच्या कपाटात अंधारात. मूळ ५१ मिनिटांची न कापलेली वेव्ह फाइल निदान दोन ठिकाणी ठेवा.

कोयनाकाठ

सीडी झाली. काल गावी जाऊन आले. बटण तिनंच दाबलं.

खटका झाला, “हं आई, म्हण आता” झालं, आणि आत्यानं ओवी सुरू व्हायच्या आत स्टॉप दाबलं. परत प्ले. परत स्टॉप. सात-आठ वेळा. मी काही बोलले नाही. मग म्हणाली, “एवढंच लावायचं बटन करून दे. मग आईचं ऐकीन.”

तेव्हा, बाबांचं वाक्य हाच पहिला ट्रॅक आणि आजीची पहिली ओवी दुसरा, असं करायचंय. ते वाक्य खटक्यापासून तीन सेकंदांचं आहे. खूण घालून लिहायला गेले तर सॉफ्टवेअर म्हणतं ट्रॅक फार लहान आहे. एक कोरी सीडी उरली आहे, म्हणून आधी विचारते.

मिरजेचा टेपवाला

ऑडिओ सीडीवरचा ट्रॅक किमान चार सेकंदांचा लागतो, ३०० फ्रेम. नियमच तसा आहे. पण शांतता भरून तो लांबवू नका. बाबांच्या वाक्यानंतर लगेच आजी गात नाहीत ना? जातं सुरू होतं. त्या घरघरीतले तीन-चार सेकंद पहिल्या ट्रॅकमध्ये घ्या आणि खूण तिथं घाला. भाऊ बोलेल, आई दळायला लागेल, तिथं पहिला ट्रॅक संपेल. आत्यांनी हात आवरला तर ओवी आपोआप पुढं सुरू होईलच.

कोयनाकाठ

ट्रॅक १: ६ सेकंद, २३ फ्रेम. लिहून झाली. लॅपटॉपवर आणि शेजाऱ्यांच्या जुन्या प्लेअरवर वाजवून पाहिली, दोन्हीकडे बरोबर. शनिवारी पाटणची पहिली एसटी धरते.